लॉगबुक, जर्नल की रोजनिशी? (नारबरोच्या वह्यांच्या निमित्ताने)

प्रश्न असा आलाय: "सतराव्या शतकातल्या सर जॉन नारबरो या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. मूळ लेखात त्याच्या वह्यांना कधी लॉगबुक म्हटलंय, कधी जर्नल. मी सगळीकडे 'डायरी' लिहिलं तर चालेल का? आणि लॉगबुकमधला लॉग म्हणजे लॉगॅरिदमवाला लॉगच ना?"

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो कारण ते पटकन होईल असं वाटतंय (होणार नाही, मला माहितीये). तर नाही, तो लॉग नाही. लॉगबुकमधला लॉग म्हणजे लाकूड. शब्दशः ओंडका, लाकडाचा ठोकळा. लॉगॅरिदममधला लॉग ग्रीक लोगोसवरून नेपियरने 1614 साली पाडलेल्या शब्दातला, त्याचा लाकडाशी काडीचाही संबंध नाही. गंमत म्हणजे हे दोन्ही लॉग त्याच शतकात एकाच जहाजावर येऊन भेटले, कारण गुंटर नावाच्या गणितज्ञाने लॉगॅरिदमच्या खुणा कोरलेली एक लांब पट्टी काढली आणि तिच्यावर कंपास (दिशा दाखवणारा नव्हे, कंपासपेटीतला) फिरवून खलाशी आकडेमोड करायला लागले, म्हणजे एका लॉगने वेग मोजायचा आणि दुसऱ्या लॉगने त्यावरून हिशोब करायचा! पण घराणी वेगळी.

आता लाकडाचा आणि वहीचा काय संबंध? भर समुद्रात बाजूला ना झाड ना मैलाचा दगड, मग जहाज किती वेगाने चाललंय हे कळणार कसं? तर लाकडाचा एक तुकडा दोरीला बांधून मागच्या बाजूने पाण्यात टाकायचा. पुढे पुढे हा तुकडा पावाच्या चतकोरासारखा कापून गोल कडेला शिसं लावायला लागले, म्हणजे तो पाण्यात उभा राहतो आणि जागच्या जागी थांबतो. जहाज पुढे जातं तशी रिळावरची दोरी सुटत जाते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. एकाने वाळूचं घड्याळ धरायचं, अर्ध्या मिनिटात वाळू संपली की "थांब" म्हणून ओरडायचं आणि दुसऱ्याने हातातून किती गाठी गेल्या ते सांगायचं. सात गाठी गेल्या तर वेग सात गाठी, म्हणजेच सात नॉट. विल्यम बोर्न नावाच्या इंग्रजाने 1574 मध्ये छापलेल्या पुस्तकात या युक्तीचं वर्णन आहे, तेव्हा नारबरोच्या काळात ती चांगली शंभर वर्षांची जुनी झाली होती.

(जाता जाता, चक्रीवादळ आलं की बातम्यांमध्ये "ताशी 60 नॉट वेगाने वारे" असं येतं ते चूक आहे. नॉट हाच मुळात वेग आहे, त्यातच तास आला. "60 नॉट वेगाने" एवढं पुरे. हे मी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे लिहितो अन् दर पावसाळ्यात ते तसंच छापून येतं.)

गाठींमधलं अंतर किती हा एक वेगळाच तमाशा होता. जुना रिवाज सात फॅदमचा, म्हणजे 42 फूट. फॅदमला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, वाव. दोन्ही हात आडवे पसरले की होते ती लांबी, कोळी लोक अजून पाण्याची खोली वावेत सांगतात. तर सात वाव. पण रिचर्ड नॉरवुड नावाच्या माणसाने लंडनपासून यॉर्कपर्यंतचा रस्ता साखळीने आणि जिथे साखळी जमेना तिथे पावलांनी मोजून काढला, त्यावरून समुद्री मैल बराच मोठा निघाला आणि 1637 च्या आपल्या पुस्तकात त्याने दाखवून दिलं की अर्ध्या मिनिटाच्या घड्याळाला गाठी साधारण पन्नासेक फुटांवर हव्यात. खलाशांनी काय केलं? अनेकांनी सरळ 42 फुटांचीच दोरी चालू ठेवली. आडमुठेपणा होताच पण त्यात शहाणपणही होतं, आखूड दोरीने वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणजे कागदावर जमीन आधी येते अन् जहाज मागून येतं. उलटं झालं तर काय होतं ते पुढे येईलच.

आता हा मोजलेला वेग लिहायचा कुठे? वही पावसात, लाटांच्या तुषारात टिकणार नाही. म्हणून पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन काळ्या फळ्या असायच्या, लॉगबोर्ड. त्यावर खडूने तास, गाठी, उरलेल्या वावा (पूर्ण गाठींच्या वर सुटलेली दोरी), दिशा, वारा एवढं लिहायचं. दुपारी सूर्य डोक्यावर आला की फळीवरचं सगळं वहीत उतरवायचं, हिशोब करायचा आणि फळी पुसून कोरी. ती वही ती लॉगबुक. लाकडाच्या तुकड्याचं नाव आधी फळीला लागलं, फळीवरून वहीला. आणि तेच नाव पुढे सरकारी जीपच्या ड्रायव्हरच्या किलोमीटरच्या वहीला, मग कॉम्प्युटरच्या लॉग इनला, आणि 1997 मध्ये वेबलॉग शब्द निघाला त्याचा दोन वर्षांत कुणीतरी गमतीत तुकडा पाडून ब्लॉग केला, त्यालाही. आपण सकाळी पासवर्ड टाकून लॉग इन करतो तेव्हा खरं तर चारशे वर्षांपूर्वीचा ओंडका पाण्यात सोडत असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. लॉगबुक आणि जर्नल एकच नाही, आणि नारबरोच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात अकरावी-बारावी सायन्स केलेल्या कुणालाही हा फरक एका वाक्यात कळेल: लॅबमध्ये रीडिंग घेताना जी रफ वही असते ती लॉग, आणि घरी बसून सुवाच्य अक्षरात आकृत्या काढून सबमिशनला द्यायचं ते जर्नल. अगदी तसंच! आणि आपल्याकडे शेवटच्या आठवड्यात मित्राचं जर्नल उतरवून काढतात ना, तेही तिथे होतं, अनेक लेफ्टनंटांच्या वह्या मास्टरच्या वहीवरून उतरवलेल्या दिसतात. (मास्टर म्हणजे इथे मालक नाही आणि शाळेतले मास्तरही नाहीत. जहाज कुठे चाललंय, कसं न्यायचं याची जबाबदारी असलेला माणूस. भाषांतरात "धनी" वगैरे करू नका, मास्टरच ठेवा.)

नारबरो स्वतः अशा वह्या ठेवण्यात पटाईत होता. माणूस नॉरफॉकमधल्या कॉकथॉर्प नावाच्या छोट्या गावचा, ना घराणं ना पैसा, खालून वर चढलेला. अशा अधिकाऱ्यांना तेव्हा इंग्रजीत "टारपोलीन" म्हणायचे कारण साधे खलाशी डांबर फासलेलं कापड वापरायचे, आणि उमरावांच्या घरून थेट कप्तान होऊन आलेल्यांना "जंटलमन". टारपोलीन म्हणजे आपली ताडपत्रीच. ताडाच्या पानाचा संबंध नाही, इंग्रजी शब्द कानाला ओळखीचा वाटावा म्हणून आपण त्याला ताड आणि पत्री चिकटवलं. तर हा ताडपत्रीवाला माणूस क्रिस्टोफर मिंग्ज नावाच्या सेनानीच्या हाताखाली तयार झाला, 1666 मध्ये डचांशी चार दिवस जी लढाई चालली त्यात मिंग्ज गेला आणि नारबरोला स्वतःचं जहाज मिळालं. पुढे 1672 च्या सोलबेच्या लढाईत तो राजाच्या भावाच्या 'प्रिन्स' या जहाजावर होता, कप्तान सर जॉन कॉक्स ठार झाल्यावर जहाज यानेच सांभाळलं. पुढच्या वर्षी सर झाला. मग भूमध्य समुद्रात त्रिपोली अन् अल्जिअर्सच्या चाच्यांच्या मागे, मग आरमाराच्या कचेरीत कमिशनर, आणि शेवटी कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटाजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजातली चांदी काढायच्या मोहिमेवर 1688 च्या मे महिन्यात तिकडेच वारला.

पण भाषांतरवाल्यांसाठी त्याचा खरा खजिना म्हणजे 1669 ते 1671 ची दक्षिण अमेरिकेची सफर. 'स्वीपस्टेक्स' हे जहाज आणि सोबत 'बॅचलर' नावाचं लहान जहाज. लहान जहाज वाटेत चुकलं आणि इंग्लंडला परत जाऊन याचं जहाज बुडालं म्हणून सांगून मोकळं झालं! इकडे नारबरोने पोर्ट डिझायरला (आता अर्जेंटिनात आहे) राजाच्या नावाने ताबा घेतल्याचा सोपस्कार केला, सेंट ज्युलियनला हिवाळा काढला, मॅजेलनची सामुद्रधुनी ओलांडली, चिलीतल्या वाल्दिव्हियाला स्पॅनिशांनी त्याच्या लेफ्टनंटसकट चारजण पकडून ठेवले, त्यांना मागे सोडून त्याच सामुद्रधुनीतून 1671 च्या जूनमध्ये घरी. या सफरीच्या त्याच्या वहीच्या हस्तलिखित प्रती ब्रिटिश लायब्ररीत आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियनमध्ये आहेत, वृत्तांत छापला गेला तो तो मेल्यावर, 1694 मध्ये. डचांबरोबरच्या लढाईच्या वर्षांच्या वह्या केंब्रिजला, आरमाराच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स याने ठेवलेल्या ग्रंथसंग्रहात.

आणि या सफरीच्या वहीत पेंग्विनबद्दल जे लिहिलंय ते बघा. हे पक्षी कळपाने ताठ उभे राहतात, पांढरे एप्रन घातलेल्या लहान मुलांसारखे, अशा अर्थाचं वाक्य आहे. आता सांगा, खडूने गाठी आणि वावा लिहायच्या फळीवर हे मावेल का? लॉगला पेंग्विन माहीत नसतो. लॉगला वारा नैऋत्येचा एवढंच माहीत. एप्रन घातलेली मुलं सुचायला संध्याकाळी केबिनमध्ये बसून वही पुढ्यात ओढलेला माणूस लागतो, अन् ते जर्नल.

म्हणून माझं मत असं. जिथे मूळ लेखात दर तासाच्या वाऱ्या-वेगाच्या नोंदींबद्दल बोलणं चाललंय तिथे लॉगबुक तसंच ठेवा, मराठी वाचकाला कळतं, "नोंदवही" केलंत तर दुकानातल्या आवक-जावकीची वाटेल. जिथे नारबरोने स्वतः सविस्तर लिहिलेल्या वहीबद्दल आहे तिथे रोजनिशी. आणि डायरी अजिबात नको. डायरी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे कुलूपवाली वही आणि मनातलं गुपित येतं, ही वही तर वरिष्ठांनी मागितली तर पुढे ठेवायची होती. कप्तान आणि मास्टर यांच्या लॉगचे गठ्ठेच्या गठ्ठे आज लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि लेफ्टनंटांचे ग्रिनिचच्या संग्रहालयात, ते उगाच नाही उरले. पुढे तर वही जमा केल्याशिवाय पगारच सुटत नसे.

"पण रोजनिशीसुद्धा खाजगीच ना?" असं कुणीतरी म्हणणार. नाही हो. हा आपला गैरसमज. रोजनिशीतल्या निशीचा रात्रीशी संबंध नाही, रात्री झोपताना लिहितात म्हणून रोजनिशी असं मला शाळेत चक्क शिकवलं होतं. फारसी रोज आणि नविसी, म्हणजे लिहिणं. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांच्या शेपटाला जो नीस आहे तोच हा. आणि पेशवे दफ्तरातल्या रोजनिशा म्हणजे कुणाच्या मनातलं नव्हे तर सरकारी हुकूम, नेमणुका, खर्च यांच्या रोजच्या नोंदी. फ्रेंच जूर म्हणजे दिवस, त्यावरून जर्नल. रोज म्हणजे दिवस, त्यावरून रोजनिशी. दोन्ही कचेरीतले शब्द. इतकी चपखल जोडी अनुवादात क्वचित मिळते! कॉमर्सवाले जर्नलला रोजकीर्द म्हणतात तेही याच जातीचं, पण जहाजावर कीर्द नको, हिशेबतपासनीस चढल्यासारखं वाटतं.

जहाज कागदावरच्या अंदाजाच्या पुढे असलं तर काय होतं, हे मघाशी म्हटलं ते राहिलं. नारबरोच्या बायकोने त्याच्यामागे क्लाउडस्ली शोव्हेलशी लग्न केलं, जो त्याच कॉकथॉर्पचा, नारबरोच्याच हाताखाली वाढलेला, त्रिपोलीच्या बंदरात घुसून जहाजं जाळणारा. 1707 च्या ऑक्टोबरात शोव्हेलचा ताफा जिब्राल्टरकडून परत येताना आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकून इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर गेला, चार जहाजं बुडाली, शोव्हेल गेला आणि त्याच जहाजावर असलेली नारबरोची दोन्ही मुलंही गेली. त्या ताफ्यातल्या वाचलेल्या जहाजांच्या चाळीसवर लॉगबुका अजून आहेत आणि विसाव्या शतकात एकाने त्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या तर रेखांश तर सोडाच, अक्षांशसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते. सगळ्यांनी ओंडका टाकला होता, सगळ्यांनी गाठी मोजल्या होत्या. रेखांश शोधणाऱ्याला बक्षीस देणारा कायदा त्यानंतर सात वर्षांनी आला.

एक शेवटचं, तारखांचं. हे विचारलं नव्हतंत पण भाषांतरात इथेच पाय घसरतो. इंग्लंड तेव्हा जुन्या पंचांगावर होतं, बाकी बऱ्याच युरोपच्या दहा दिवस मागे, म्हणून सोलबेची लढाई इंग्रज वहीत 28 मे आणि डच कागदात 7 जून. त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी 1671/2 असं तिरपी रेघ देऊन लिहिलेलं दिसेल, ती छपाईची चूक समजून काढू नका, आपल्या हिशोबाने ते 1672. आणि जहाजावरचा दिवस दुपारी बाराला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी संपायचा, तोही बारा तास आधी, म्हणजे किनाऱ्यावर सोमवारची संध्याकाळ असेल तेव्हा लॉगमध्ये मंगळवार लागलेला असायचा, ब्रिटिश आरमारात हे 1805 पर्यंत चाललं. तेव्हा मूळ लेखातली तारीख लॉगवरून घेतली असेल आणि घटना दुपारनंतरची असेल तर एक दिवस मागे जावं लागतंय का ते बघा, आणि काय ठरवलंत ते तळटीपेत एका ओळीत सांगून टाका.