वाचकांचे प्रश्न : सर्वेक्षणाचा डेटा एका फाइलीत मांडताना

प्रश्न : चुंबकीय सर्वेक्षणाच्या दोनशेहून अधिक लाइन (मोजमाप घेत गेलेल्या रेषा) आहेत आणि प्रत्येकीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या आकड्यांची साधी फाइल) वेगळी. बेस स्टेशनच्या (एका जागी स्थिर ठेवलेल्या उपकरणाच्या) नोंदी निराळ्या, ग्रिड (चौकटींच्या जाळ्यात बसवलेल्या किमती) निराळे. सगळे एचडीएफ५मध्ये (अनेक तक्ते एकाच फाइलीत ठेवणाऱ्या स्वरूपात) आणायचे आहे. प्रत्येक लाइनला एक ग्रुप (फाइलीच्या आतला फोल्डर) करावा का?

उत्तर : नको. साधा नकाशा काढायलाही मग प्रोग्रॅमला दोनशे दारे ठोठवावी लागतील. सगळ्या लाइनींच्या नोंदी एकाखाली एक लावा आणि वेळ, ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर), नॉर्दिंग (उत्तरेकडचे अंतर), उंची, एकूण चुंबकीय क्षेत्र अशा प्रत्येक राशीचा एकच लांब अ‍ॅरे (आकड्यांची रांग) करा. सोबत तितक्याच लांबीचा लाइन क्रमांकाचा अ‍ॅरे ठेवला की हवी ती लाइन लगेच वेगळी काढता येते.

ग्रुप करायचे ते ज्यांचा अक्ष वेगळा आहे त्यांचे. बेस स्टेशनला स्वतःचा वेळ असतो, ग्रिडला दोन दिशा असतात. दुरुस्त नोंदींची लांबी कच्च्या नोंदींइतकीच असते, तरी त्यांचाही ग्रुप वेगळा हवा, कारण कच्च्या नोंदींना पुन्हा कधीच हात लावायचा नाही. असे चार ग्रुप पुरतात. नावे रोमन अक्षरांत ठेवा, मध्ये रिकामी जागा सोडू नका.

एचडीएफ५च हवे असे खास कारण नसेल तर नेटसीडीएफ-४ घ्या. आतून ते एचडीएफ५च आहे, पण त्यात प्रत्येक अक्षाला नाव द्यावेच लागते आणि एकके, नकाशाचे प्रक्षेपण कसे लिहायचे याचे सीएफ नावाचे ठरलेले संकेत तयार मिळतात.

खरा घोटाळा होतो तो आकड्यांच्या प्रकारात. जागा वाचवायला सगळे ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत टाकण्याचा मोह होतो. एकूण चुंबकीय क्षेत्राला ते चालते : ४५,००० नॅनोटेस्लाच्या आसपास पायरी, म्हणजे लिहिता येणाऱ्या लगतच्या दोन आकड्यांतले अंतर, ०.००४ नॅनोटेस्लाची पडते. नॉर्दिंग ५० लाख मीटर असेल तर मात्र पायरी अर्ध्या मीटरची होते आणि चालत घेतलेली सरळ लाइन नकाशावर दातेरी दिसते. वेळेचे हाल त्याहून वाईट. १९७०पासूनचे सेकंद आज १७० कोटींच्या पुढे आहेत. तिथे ३२ बिटांची पायरी १२८ सेकंदांची. बेसच्या नोंदींशी वेळ जुळवून दैनिक बदल (चुंबकीय क्षेत्रात दिवसभरात होणारा चढउतार) वजा करायचा म्हटले तर ती दुरुस्ती वायाच गेली. निर्देशांक आणि वेळ ६४ बिटांतच ठेवा, आणि वेळ यूटीसीत.

आता रिकाम्या नोंदी. उपकरण किंवा सॉफ्टवेअर तिथे -९९९९९ लिहिते. ती किंमत फिल व्हॅल्यू (रिकाम्या जागेची खूण) म्हणून घोषित केली नाही, तर ग्रिड बनवणारा प्रोग्रॅम तिला खरी समजतो आणि नकाशात खोल खड्डे पडतात. काही ठिकाणी तारांकन येते; एका तारांकनापायी अख्खा कॉलम मजकूर म्हणून वाचला जातो.

गुणधर्मांत (फाइलीत डेटाला जोडलेल्या टिपांत) एवढे तरी हवेच : प्रत्येक राशीचे एकक, निर्देशांक प्रणाली ओळखणारा ईपीएसजी क्रमांक, सेन्सरची जमिनीपासूनची उंची, दैनिक बदल काढताना धरलेली बेसची पायाभूत किंमत, आणि आयजीआरएफ (पृथ्वीच्या मुख्य चुंबकीय क्षेत्राचे प्रमाण प्रारूप) वजा केले असल्यास त्याची आवृत्ती व तारीख. शेवटची दोन बहुतेक फाइलींत सापडत नाहीत. त्यांच्याशिवाय शेजारचे दुसरे सर्वेक्षण जोडायला गेलात की सांध्यावर पायरी दिसते.

प्रश्न : हवाई विद्युतचुंबकीय डेटा कॉम्प्रेस केला, तरी फाइल सीएसव्हीपेक्षा मोठी झाली. असे का?

उत्तर : बहुधा चंक (एकत्र साठवला आणि दाबला जाणारा तुकडा) एकेका नोंदीचा ठेवला आहे. एका नोंदीत ३० टाइम गेट (सिग्नल मोजण्याचे कालखंड), प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे चंक १२० बाइटचा. एवढ्याशात कॉम्प्रेशनला दाबायला काही मिळत नाही, उलट लाखो चंकांची नोंदवही वाढते. ४०९६ × ३० असा चंक घ्या. तो ४८० केबीचा होतो. जीझिप कॉम्प्रेशनची पातळी ४ आणि शफल (दाबणे सोपे जावे म्हणून बाइटांची फेरमांडणी) चालू ठेवा. त्याहून वरच्या पातळीला वेळ फार जातो, जागा थोडीच वाचते.

डेटासेट पुसून पुन्हा लिहिला असेल तर जुनी जागा आपोआप मोकळी होईल असे समजू नका. एच५रिपॅक हे एचडीएफ५चे साधन चालवून फाइल नव्याने बांधावी लागते. लिहिताना वीज गेली तर फाइल उघडतही नाही, म्हणून मोठ्या तुकड्यांनंतर फ्लश करा (स्मृतीतला डेटा डिस्कवर उतरवा) आणि दोन प्रोग्रॅमना एकाच वेळी तीत लिहू देऊ नका.

प्रश्न : भूकंपीय रेषांच्या एसईजी-वाय फाइली (भूकंपीय नोंदींचे प्रमाण स्वरूप) एचडीएफ५मध्ये रूपांतर केल्यानंतर पुसाव्यात का?

उत्तर : मुळीच नाही. चेकसम (फाइल बदलली का ते ओळखणारा आकडा) काढून त्या जशाच्या तशा ठेवा. सुरुवातीचे ३२०० बाइट मजकुराचे, पुढचे ४०० बायनरी, आणि प्रत्येक ट्रेसआधी (एका सेन्सरच्या नोंदीआधी) २४० बाइटांचे हेडर. रूपांतरात यातलेच काहीतरी गळते. ट्रेस हेडरच्या ७१–७२ बाइटांतला निर्देशांकांचा गुणक आधी तपासा : तिथे -१०० असेल तर निर्देशांकांना १००ने भागायचे असते. हे विसरले की रेषा नकाशाबाहेर कुठेतरी जाऊन पडते.