बॅटरी उतरू नये म्हणून

«ताई, मी साताऱ्याची. तेहतीस वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला, 31 मे रोजी निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात हे गेले. तेव्हा शाळा होती, त्यामुळे दिवस कसा मावळायचा ते कळत नव्हतं. आता सकाळी नऊलाच सगळं आवरून झालेलं असतं. लेक पुण्याला असते, फार गुणी आहे, रोज फोन करते. तिनंच सुचवलं, ‘आई, हा नवा अध्याय आहे, व्हिजन बोर्ड कर.’ कार्डशीटवर आपल्याला हव्या त्या आयुष्याची चित्रं चिकटवायची आणि रोज बघायची. मी केलं. समुद्राकाठचं घर, योगासनं करणारी बाई, रंग आणि कुंचले, एक पांढरी बोट. भविष्यातल्या स्वतःला पत्र लिहायलाही बसले, पण ‘प्रिय’च्या पुढे गेले नाही. बोर्ड कपाटाच्या दारावर लावलाय. बघितला की दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. बाकी वेळ जातो. भजनी मंडळ आहे, थोडी बाग आहे, दर रविवारी यांची गाडी पाच मिनिटं चालू करून ठेवते, बॅटरी उतरू नये म्हणून; तरी मार्चमध्ये नवी टाकावी लागलीच. लेक म्हणते, गाडी विकून टाक. ताई, पुढचं आयुष्य माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही. माझ्यात कल्पनाशक्तीच नाही का? नवा अध्याय रंगवायचा तरी कसा?»

बाई,

तेहतीस वर्षं शाळेत काढलीत म्हणजे अर्धा सातारा तुम्हाला बाईच म्हणत असणार. मीही तेच म्हणते.

तुमचं पत्र चार पानांचं होतं. छापताना मी ते कापलं, त्याबद्दल रागावू नका. त्यातलं दीड पान लेकीचं कौतुक होतं. ते मी वाचलं आणि पुढे गेले. मुलगी गुणी आहे, रोज फोन करते, छान आहे. पण आपण तिच्याबद्दल बोलणार नाही आहोत. बोर्डाबद्दलही फार नाही.

मला त्या गाडीबद्दल बोलायचंय. भजनी मंडळ आणि बाग यांच्यामध्ये, सामानाच्या यादीत हळद-मीठ लिहावं तशी तुम्ही ती लिहून टाकलीत. दर रविवारी. पाच मिनिटं.

बाई, गाडी चालू करायची म्हणजे किल्ली फिरवावी लागते. किल्ली स्टिअरिंगजवळ असते. म्हणजे दर रविवारी कव्हर काढून, दार उघडून तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसता. आणि मग पाच मिनिटं काय करता? समोर बघता? गेटकडे? रेडिओ लावता की यांनी शेवटचा लावलेला स्टेशनसुद्धा तसाच आहे? हे काही तुम्ही लिहिलं नाहीत. गाडी चालवता येत नाही, हेही लिहिलं नाहीत. पण येत असती तर बॅटरीसाठी पोवई नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आला असतात. अंगणात उभ्या गाडीत बसून राहिला नसतात.

आता थोडं गणित. दोन वर्षांचे रविवार झाले एकशे चार. गावाला गेलात, आजारी पडलात, ते सोडून द्या, शंभर धरू. शंभर गुणिले पाच म्हणजे पाचशे मिनिटं. आठ तास वीस मिनिटं तुम्ही त्या सीटवर बसून काढलीत. मोटार ट्रेनिंग स्कूलचा कोर्स साधारण वीस दिवसांचा, रोज अर्धा तास. एकूण दहा तास. तुमच्या शिक्षणात एक तास चाळीस मिनिटं कमी पडली, बाई. आणि एक इंचही गाडी हलली नाही.

दुसरं, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. अशानं बॅटरी भरत नाही. गाडी सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून मोठा घोट ओढून घेतो. तो भरून निघायला गाडी वीस-तीस मिनिटं रस्त्यावर पळावी लागते. जागेवर, कमी आरपीएमवर पाच मिनिटं फुरफुरत ठेवली तर जितकं घेतलं तितकंही परत जात नाही. म्हणजे दर रविवारी तुम्ही ती थोडी थोडी उतरवतच होतात. शिवाय सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि पत्रा गंजतो. टायर एकाच जागी दबून राहतात. टाकीतलं पेट्रोलही जुनं होतं. मार्चमध्ये बॅटरी गेली यात नवल काहीच नाही. कोणताही गॅरेजवाला हेच सांगेल: फिरवा हो गाडी, नुसती चालू करून काय उपयोग.

मग विकायची का? लेकीचं म्हणणं रास्त वाटतंय ना? विकू नका. आधी शिका. नंतर विकायची असेल तर स्वतः चालवत नेऊन विका.

तुमच्या प्रश्नाला मी बगल देतेय असं वाटेल, म्हणून तिकडेही वळते. ‘माझ्यात कल्पनाशक्ती नाही का?’ अहो, कधी सह्याद्रीच्या पलीकडे न गेलेल्या पोरांना जी बाई तेहतीस वर्षं सहारा आणि सैबेरिया दाखवते, तिच्यात कल्पनाशक्ती नाही? तुम्ही कल्पना केलीत, पण दुसऱ्याची. ती पांढरी बोट तुम्हाला कशाला हवीय? कुठल्या तरी मासिकात होती, रंग छान होता, कात्री हातात होती, कापली. असल्या बोर्डांवर माझा मुळात राग नाही. पण त्यावर फक्त पोहोचण्याची जागा चिकटवतात, रस्ता कुणीच चिकटवत नाही. गॅब्रिएले ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे वर्षानुवर्षं तपासलंय. नुसतं गोड चित्र रंगवत बसलं की मन ते मिळाल्यासारखं सैलावतं आणि हातपाय कमी हलतात. त्या चित्रातच वाटेतला अडथळा काढला, तर माणूस उठतो. शाळेच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही चित्रकलेच्या तासाला बसलात आणि तुमचा विषय भूगोल.

तर आज दुपारी ते कार्डशीट कपाटावरून काढा. फाडू नका, उलटं करा. पाठ कोरी आहे. त्यावर नकाशा काढा. तुमच्या गेटपासून सुरू करा. वर उत्तर, कोपऱ्यात प्रमाण, खाली सूची. पोरांचे जसे मार्क कापायचात तसाच स्वतःला नियम लावा. गल्लीतले गतिरोधक दाखवा. कुठे म्हशी बसतात, कुठे शाळा सुटते, कुठे रिक्षा आडवी येते, कुठे चढावर सिग्नलला थांबावं लागतं. प्रत्येकाला एकेक खूण. पहिल्या नकाशात किराणा दुकानापर्यंतच जा. दुसरा राजवाड्यापर्यंत. तिसरा समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत. पंचवीसेक किलोमीटर आहे, आणि घाटातली वळणं एकूण एक मोजून काढा. मग रात्री डोळे मिटून तो रस्ता चालवा. इथे दुसरा गियर, इथे हॉर्न, इथे क्लच अर्धा. खेळाडू मैदानात उतरण्याआधी हेच करतात. पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर आणायचं म्हणता ना? मग ते गेटपासून आणा. गेटच्या आधी समुद्रकिनारा येत नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचली, ती बोलते. 8 मार्चला तुम्ही शाळेत भाषण केलं असणार. साताऱ्याच्या बाई म्हटल्यावर सुरेखा यादवांचं नाव घेतलं नसेल असं होणारच नाही. आपल्या जिल्ह्याची मुलगी, आशियातली पहिली महिला रेल्वेचालक, 2011 च्या महिलादिनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च 2023 मध्ये सोलापूरहून वंदे भारत घेऊन बोरघाटातून थेट मुंबईत. मुलींनी टाळ्या वाजवल्या असतील. आणि मग रविवारी घरी येऊन तुम्ही वॅगनआरचं इंजिन पाच मिनिटं ऐकत बसत होतात. (वॅगनआर, 2014 ची, हे पत्राच्या शेवटी ताजा कलमात होतं. गाडीचं साल आठवणीनं लिहिणारी बाई ‘गाडीचं मला काही विशेष नाही’ म्हणते, यावर माझा विश्वास बसत नाही.)

मला माहितीय तुम्ही काय म्हणणार. हे होते तेव्हा गरजच पडली नाही. सगळ्यांचं असंच असतं. ‘मी आहे ना’ हे वाक्य आमच्या पिढीतल्या नवऱ्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलंय की त्यात आपलं काय गेलं ते कळायला वीस-वीस वर्षं लागली. तुमचे यजमान प्रेमळ होते, असं तुम्ही तीनदा लिहिलंय. असतील. पण त्यांनी तुम्हाला स्टिअरिंग दिलं नाही आणि तुम्ही मागितलं नाहीत. आता ती सीट रिकामी आहे. तिच्यावर बसायला तुम्हाला बॅटरीचं निमित्त लागतंय, एवढंच मला वाईट वाटलं.

मी स्वतः बावन्नाव्या वर्षी शिकले. तिसऱ्याच दिवशी आमच्याच गेटला घासली. शिकवणारे सर कपाळाला हात लावून म्हणाले, ‘मॅडम, क्लच सोडताय की राग काढताय?’ दोन्ही, असं सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही. डाव्या दाराला तो ओरखडा अजून आहे. रंगवायला गेले तर गॅरेजवाला म्हणाला राहू द्या, पुढचे पडले की एकदमच करू. शहाणा माणूस.

आता कामाचं. मोटार स्कूलला फोन करा आणि सकाळी साडेसहाची बॅच मागा. रस्ता मोकळा असतो आणि ओळखीचं कुणी बघत नाही. बघितलं तरी ते तुमचे विद्यार्थीच असणार, बाजूला होतील. शिकाऊ परवाना आधी काढा. आधार असेल तर त्याची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. चाळिशी ओलांडल्यामुळे डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म 1-अ. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तुमच्या वयाला पक्का परवाना एका वेळी पाच वर्षांचा मिळतो. हे ऐकून हिरमुसू नका. गाडी 2014 ची, म्हणजे नोंदणीही 2029 पर्यंतच आहे. दोघी जवळजवळ एकदमच नूतनीकरणाला जाल.

गाडी अजून यांच्याच नावावर आहे का? तसं असेल तर मृत्यूचा दाखला, फॉर्म 31 आणि मुलांची संमती घेऊन आरटीओत जा. हे खरं म्हणजे तीन महिन्यांत करायचं असतं, दोन वर्षं झालीत. थोडा दंड होईल, तो भरा. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर काही झालं तर कंपनी हात वर करेल. पीयूसी बघा. रस्त्यावर काढण्याआधी गॅरेजवाल्याला घरी बोलावून जुनं पेट्रोल काढून घ्या, ब्रेक आणि टायर तपासून घ्या. तुम्ही शिकाल मोटार स्कूलच्या गाडीवर, तोवर ही तयार होईल.

लेकीला आत्ता सांगू नका. ती काळजीनं चार व्हिडिओ पाठवेल आणि तुम्ही घाबराल. परवाना हातात आला की फोटो पाठवा. कासला मात्र सप्टेंबरातल्या रविवारी जाऊ नका. पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी घाट भरलेला असतो. मंगळवारी वगैरे जा. तुम्हाला आता मंगळवार मोकळा आहे.

आणि या रविवारी नेहमीप्रमाणे गाडीत बसाल तेव्हा लगेच किल्ली फिरवू नका. आधी आरशात बघा. माझा अंदाज आहे की त्यात मागची काच दिसत नसून छत दिसत असेल, कारण तो अजून त्यांच्या उंचीला लावलेला आहे. पायही पॅडलपर्यंत धड पोहोचत नसतील. सीटखाली, पुढच्या बाजूला, हाताला लागेल अशी एक लोखंडी दांडी असते. ती वर ओढून धरा आणि सीट पुढे घ्या.