चेंगडूमध्ये चिनी शिकताना वसतिगृहात राहावे की एखाद्या कुटुंबात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, एचएसके या चिनी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची चौथी पातळी पूर्ण करून तुम्ही सप्टेंबरपासून सिच्वान प्रांतातल्या चेंगडूच्या एका विद्यापीठात वर्षभराच्या चिनी भाषेच्या अभ्यासक्रमाला जात आहात, तुम्ही शाकाहारी आहात, आणि वसतिगृहाऐवजी स्थानिक कुटुंबात राहिल्यास भाषा लवकर येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी त्याच शहरात एका कुटुंबात राहून शिकले आहे आणि आता दुभाष्याचे काम करते. माझे स्पष्ट मत असे की पहिले सत्र वसतिगृहात काढावे आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर, घर स्वतः पाहून, कुटुंबात राहायला जावे.

यामागचे एक कारण कागदपत्रांचे आहे. एक्स-१ या दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हॉटेलाखेरीज इतरत्र उतरणाऱ्या परदेशी व्यक्तीची नोंद २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात होणे हेही २०१३ पासून लागू असलेल्या कायद्याने बंधनकारक आहे. वसतिगृहात असताना यातले बरेचसे विद्यापीठाचे कार्यालय मार्गी लावते. घरी राहायचे असेल तर यजमानांचे सहकार्य लागते, आणि ‘नोंदणीची काय घाई आहे’ असे म्हणणारे घर कितीही चांगले वाटले तरी सोडून द्यावे. विद्यापीठाबाहेर राहण्याची परवानगीही आधीच लेखी घ्यावी.

दुसरे कारण भाषेचे असून ते अधिक महत्त्वाचे आहे. चेंगडूच्या घरांत जेवणाच्या टेबलावर जी भाषा चालते ती तुमच्या पाठ्यपुस्तकातली प्रमाण चिनी नव्हे, सिच्वानी बोली असते. त्या बोलीतही शब्दाचा अर्थ बदलणारे सूर चारच आहेत, पण त्यांची वळणे वेगळी आहेत. प्रमाण भाषेत तिसऱ्या सुरात म्हटला जाणारा ‘माइ’ म्हणजे विकत घेणे आणि चौथ्या सुरातला ‘माइ’ म्हणजे विकणे. चेंगडूकरांच्या तोंडी हे दोन्ही सूर जवळजवळ अदलाबदल झाल्यासारखे ऐकू येतात, त्यामुळे आजी मंडईतून काय घेऊन आल्या हे सांगत असताना नवख्या माणसाला त्या काहीतरी विकून आल्या असे वाटते. त्यातच न आणि ल यांतला भेद पुसट होतो आणि जीभ मागे वळवून काढायचे ध्वनी दंत्य होऊन जातात. चार-पाच महिने वर्गात प्रमाण भाषा ऐकून कान पक्का झाला असेल तर या बोलीची गंमत वाटते. पहिल्याच आठवड्यात ती कानावर आदळली तर उच्चारांची घडी बसायच्या आत विस्कटते. एका बाबतीत मात्र मराठी माणसाला उपजत फायदा आहे. रोमन लिपीत ‘बी’ने लिहिलेला चिनी ध्वनी आपला ‘प’ असतो आणि ‘पी’ने लिहिलेला ‘फ’च्या जवळ जातो. ‘चूल’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे च तर आपण जन्मापासून बोलत आलो आहोत, आणि चिनीत ते दोन्ही लागतात.

कुटुंब निवडताना खोलीचे फोटो आणि मेट्रोचे अंतर यांपेक्षा संध्याकाळी घरात कोण असते, हे विचारावे. नवरा-बायको दोघेही रात्री नऊला घरी परतणारे असतील तर तुम्ही भाडे भरून फक्त एक शांत खोली घेतलेली असते. आजी-आजोबा घरात असणे सर्वांत उत्तम, कारण त्यांना वेळ असतो आणि तेच तेच प्रश्न पुन्हा विचारण्याचा त्यांना कंटाळा नसतो; भाषा त्या पुनरावृत्तीतूनच अंगात मुरते. त्यांची बोली समजेनाशी झाली की शाळकरी नातवंड प्रमाण भाषेत सांगते, हा दुहेरी लाभ होय. पण नातवंडाबाबत एक सावधगिरी बाळगावी. परदेशी विद्यार्थ्याला घरात ठेवण्यामागे मुलाचे इंग्रजी सुधारावे हा हेतू पुष्कळदा असतो, आणि २०२१ मध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातल्यानंतर ही अपेक्षा वाढली नसती तरच नवल. अपेक्षा गैर नाही. मात्र ‘रोज तासभर इंग्रजी, त्याबदल्यात भाडे माफ’ असा व्यवहार करू नये, कारण विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही आणि तुमची संध्याकाळही इंग्रजीतच जाते. शनिवारी तासभर आपुलकीने शिकवणे वेगळे. मूल बारावीला असेल तर मात्र ते घर टाळावे. जूनमधल्या काओखाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेपर्यंत तिथे कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही.

शाकाहाराची अडचण तुम्हाला वाटते त्याहून वेगळी आहे. भाज्या भरपूर मिळतात, हिवाळ्यात वाटाण्याचे कोवळे शेंडे तर अप्रतिम. पण तोफूवर खिमा भुरभुरलेला असतो, भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते आणि चवीसाठी कोंबडीच्या अर्काची भुकटी घातली जाते, ज्यांपैकी एकही गोष्ट स्वयंपाक करणाऱ्याच्या लेखी ‘मांस’ नसते. म्हणून नुसते ‘मी मांस खात नाही’ असे न सांगता या तिन्ही वस्तू नावानिशी सांगाव्यात. ‘बौद्ध भिक्षूंसारखे’ असे म्हटल्यास कांदा-लसूणही बंद होतो, हे ध्यानात ठेवावे. स्वतः स्वयंपाक करायची मुभा असेल तरी पाओत्साइच्या, म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या भाज्यांच्या, बरणीला आपणहून हात लावू नये. तिच्या तोंडाभोवतीच्या खोलगट कडेत पाणी भरलेले असते, त्यावर झाकण पालथे बसते, आणि आतल्या मिठाच्या पाण्यात तेलाचा थेंब जरी गेला तरी सगळे नासते. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्याकडे जसे पाहतात, तसेच तिथे तेलकट काड्या घालणाऱ्याकडे पाहतात.

थंडीची तयारी ठेवावी. चीनमधली सरकारी सामुदायिक उष्णतेची सोय छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला आहे, आणि चेंगडू त्या रेषेच्या दक्षिणेला येते. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर असला तरी दमटपणामुळे घरातही हाडे गारठतात. विजेवर तापणारी चादर तिथेच घ्यावी.

गप्पांना विषय काय, असेही तुम्ही विचारले आहे. आजोबांच्या पिढीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव अजून निघते. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच निवर्तलेले कोटणीस चिनी बोलायला शिकले होते. त्यांचे चिनी नाव ‘ख तीह्वा’ असे आहे आणि मराठी उच्चारात ते बऱ्यापैकी अचूक उतरते.

घर पक्के करण्यापूर्वी एकदा रात्रीच्या जेवणाला बोलवायची विनंती करावी. त्या तासाभरात टेबलावर बोलणे चालते की सगळे मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, हे कळते. अनामत रक्कम, सोडण्यापूर्वी द्यायची सूचना आणि सुट्ट्यांत कुटुंब गावी गेल्यास तुमची राहण्याची सोय, या तीन गोष्टी करारात चिनीतच लिहून घ्याव्यात, आणि वर्गशिक्षिकेकडून एकदा वाचून घ्याव्यात.