नव्या वर्षात मंडळीच्या आध्यात्मिक प्राथमिकता कोणत्या असाव्यात?

तुम्ही लिहिलंय की तुमची मंडळी (चर्चचा सभासदवर्ग) लहान आहे, वर्षाच्या पहिल्या कमिटी बैठकीत प्रत्येकाने आध्यात्मिक प्राथमिकता सुचवायच्या आहेत, आणि मागच्या वर्षी केलेली लांबलचक यादी पुढे कुणाच्या लक्षातही राहिली नाही. या वेळी नेमकं काय सुचवावं, हा तुमचा प्रश्न. मी आमच्या मंडळीत बरीच वर्षं वडील (मंडळीची देखरेख करणारा, एल्डर) म्हणून सेवा करतोय, त्या अनुभवातून लिहितो.

माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, आधी एकमेकांशी समेट करा. प्रार्थना, वचनाचा म्हणजे पवित्र शास्त्राचा अभ्यास, सुवार्तेचं (ख्रिस्ताचा संदेश सांगण्याचं) काम, गरिबांची सेवा हे सगळं हवंच, पण ते या समेटाच्या मागून येऊ द्या.

प्रार्थना पहिली का नाही, असं कुणीतरी बैठकीत विचारेलच. त्यांना मत्तय 5:23-24 वाचून दाखवा. अर्पण घेऊन वेदीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला प्रभू येशू परत पाठवतो. अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. त्यातही बारकाईने पाहिलं तर प्रभू तुझ्या मनातल्या रागाबद्दल बोलत नाहीये. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणतो. म्हणजे चूक कोणाची याचा निवाडा होईपर्यंत थांबायची सोयच त्याने ठेवलेली नाही. ज्याला आठवलं त्याने उठायचं.

मंडळीतले बहुतेक अबोले सिद्धांतावरून झालेले नसतात. कमिटीच्या निवडणुकीत कोणी कोणाला मत दिलं नाही, गायनवर्गातून कोणाच्या मुलीला वगळलं, आजारपणात कोण भेटायला आलं नाही, हिशेबावर कोणी शंका घेतली, असली कारणं असतात. कारण जुनं होतं, अबोला तसाच राहतो. दोन कुटुंबं वर्षानुवर्षं एका छताखाली एकच गीत गातात, पण प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) एकाच रांगेत येणार नाहीत इतकं बरोबर अंतर राखतात. हे सगळ्यांना दिसतं, अगदी शब्बाथ शाळेतल्या (संडे स्कूलच्या) मुलांनाही. आणि त्याच मंडळीच्या वार्षिक यादीत 'शेजाऱ्यांना ख्रिस्ताची प्रीती दाखवणे' असं लिहिलेलं असतं.

पवित्र शास्त्रातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात सात मंडळ्यांना पत्रं आहेत. नव्या वर्षाच्या तयारीसाठी मला याहून चांगला उतारा ठाऊक नाही. पहिलं पत्र इफिसच्या मंडळीला. ही साधी मंडळी नव्हती. प्रेषित पौल तिथे तीन वर्षं राहिला होता (प्रेषितांची कृत्ये 20:31), त्यातली दोन वर्षं तुरन्नाच्या पाठशाळेत दररोज शिकवत होता. पत्रात त्यांच्या श्रमांचं कौतुक आहे, धीराचं आहे, खोट्या प्रेषितांना पारखून बाजूला केल्याचंही आहे. आजच्या कुठल्याही वार्षिक अहवालात शोभतील अशा सगळ्या जमेच्या बाजू. तरीही प्रभू म्हणतो की तू आपली पहिली प्रीती सोडलीस, आणि तसंच चालू राहिलं तर तुझी समई तिच्या जागेवरून काढीन. उपायही तिथेच दिलाय: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. नवीन काही सुरू करायला सांगितलेलं नाही. ही पहिली प्रीती देवावरची की भावंडांवरची, यावर अभ्यासक चर्चा करतात. मला ती दोन्ही वाटते, कारण योहानाच्या पहिल्या पत्रात (4:20) त्या दोन्ही वेगळ्या करताच येत नाहीत.

इतिहासातलं एक उदाहरण मी कमिटीत नेहमी सांगतो. 1722 मध्ये मोराव्हियातून धर्मछळामुळे पळालेले काही विश्वासी जर्मनीतल्या सॅक्सनीत काउंट झिन्झेनडॉर्फ या सरदारांच्या जमिनीवर येऊन वसले. त्या वसाहतीचं नाव हेर्नहुट. पुढे वेगवेगळ्या पंथांतले लोक तिथे येत गेले आणि पाच वर्षांत आपसात इतकी भांडणं झाली की वस्ती मोडायची वेळ आली. झिन्झेनडॉर्फ घरोघर फिरले, लोकांशी बोलले, आणि 12 मे 1727 रोजी सगळ्यांनी एकत्र राहण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर 13 ऑगस्टला बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी जे घडलं, त्यालाच मोरावियन मंडळी आपला नवा जन्म मानते. भांडलेली माणसं रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. त्याच महिन्याच्या अखेरीस 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली, ती शंभराहून अधिक वर्षं चालली. 1732 मध्ये लिओनहार्ड डोबर आणि डेव्हिड निचमान हे दोघे कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांना सुवार्ता सांगायला निघाले. घरोघर जाऊन बोलणं, मग करार, मग प्रभुभोजन, मग प्रार्थना, मग मिशन, असा तो क्रम. आपण बहुतेकदा शेवटच्या टोकाकडून सुरुवात करतो आणि मग लोकांमध्ये उत्साह का नाही म्हणून हळहळतो.

आता समेट घडवायचा कसा? व्यासपीठावरून 'सगळ्यांनी एकमेकांना क्षमा करा' असं सांगून काही होत नाही. मत्तय 18:15 चा मार्ग एकट्याने एकट्याला भेटण्याचा आहे. पाळक आणि वडिलांनी वर्षाच्या सुरुवातीलाच कोणाकोणाला भेटायचं ते आपसात ठरवावं आणि ते बाहेर अजिबात बोलू नये. कमिटीतच दोघांचं पटत नसेल तर तिथूनच सुरुवात करा, नाहीतर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

एक इशारा मात्र पोटतिडकीने देतो. समेटाच्या नावाखाली अन्याय झाकू नका. कोणी मारहाण केली असेल, लैंगिक छळ केला असेल, मंडळीच्या पैशाचा अपहार केला असेल, तर ज्याला त्रास झाला त्याच्यावर 'तू क्षमा कर आणि विषय मिटव' असं दडपण आणणं हे पाप आहे. तिथे आधी त्या माणसाची सुरक्षितता, मग कायद्याने जे व्हायचं ते, आणि अपराध्याचा खरा पश्चात्ताप. मी वर बोलतोय ते मानापमानातून आलेल्या दुराव्याबद्दल.

यानंतर प्रार्थना. इथे माझी सूचना अगदी साधी आहे. सभासदांचं रजिस्टर प्रार्थनासभेत आणा आणि दर आठवड्याला थोडी थोडी नावं घेऊन, एकेका नावासाठी प्रार्थना करा. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा पहिल्याच महिन्यात एका नावापाशी गाडी अडली. एका बाईंचं नाव वाचलं गेलं आणि कोणीतरी विचारलं, "या आता येत नाहीत का?" कोणालाच सांगता येईना. शेवटी मागच्या बाकावरच्या एका आजी म्हणाल्या, "अहो, पडल्यापासून तिला जिना उतरता येत नाही. दर रविवारी खिडकीत बसून चर्चची घंटा ऐकते." त्या संध्याकाळची प्रार्थना निराळी झाली. 'आजाऱ्यांना बरं कर, दुःखितांचं सांत्वन कर' हे नेहमीचे शब्द कोणाच्या तोंडी आलेच नाहीत. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळक प्रभुभोजन घेऊन त्यांच्या घरी गेले आणि बरोबर दोन तरुण मुलंही गेली. ती मुलं आजही जातात. तरुणांसाठी वेगळा कार्यक्रम काय आखायचा यावर आम्ही पूर्वी तासन् तास बोललो होतो, तो असा आपोआप सापडला.

रजिस्टर वाचताना अबोलेही बाहेर येतात. ज्याच्याशी बोलत नाही त्याचं नाव घेऊन सगळ्यांदेखत देवाकडे मागायचं, हे जड जातं. जाऊ द्या जड.

वचनाच्या बाबतीत मी थोडक्यात सांगतो. वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचा संकल्प चांगला आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेला वाचनक्रम आजही जगभर वापरला जातो. त्यात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात. पण ज्या मंडळीत बऱ्याच जणांची रोज वाचायची सवयच नाही, तिथे 1189 अध्यायांचं ओझं पहिल्याच दिवशी खांद्यावर टाकलं की लेवीय या तिसऱ्याच पुस्तकापर्यंत येता येता निम्मे गळतात आणि उरलेल्यांना अपराधी वाटतं. त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा. आठवड्याला एक अध्याय, रविवारचा संदेश त्याच अध्यायावर, घरी चर्चा त्यावरच. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांना कोणीतरी वाचून दाखवा. त्यातूनही भेटी होतात.

गरिबांचा विषय यादीत 'समाजसेवा' म्हणून शेवटी टाकतात, तसं करू नका. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण भरपेट जेवत आणि काही उपाशी राहत. त्यावर पौलाने इतकं कडक लिहिलं की तुमच्या एकत्र येण्याने हितापेक्षा हानीच होते (1 करिंथ 11:17-22). याकोबही आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देण्यावरून खडसावतो. तेव्हा बाहेर वाटप करण्याआधी आपल्याच बाकांवर कोणाची नोकरी गेलीय, कोणाच्या मुलाची फी थकलीय हे बघा. मदत गुपचूप पोहोचवा. फोटो काढू नका.

सभासदसंख्येबद्दलही तुम्ही काळजी व्यक्त केलीय. अमुक इतके नवीन लोक आणायचे असं उद्दिष्ट ठेवू नका, असं मी कळकळीने सांगेन. प्रकटीकरणातल्या त्या सात मंडळ्यांपैकी दोनच मंडळ्यांना दोष लावलेला नाही. स्मुर्णा, जी गरीब आणि छळलेली होती, आणि फिलदेल्फिया, जिची शक्ती थोडी होती. उलट लावदिकीया श्रीमंत होती. इ. स. 60 मध्ये ते शहर भूकंपाने कोसळलं तेव्हा रोमच्या मदतीशिवाय स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहिलं होतं. आणि त्याच शहरातली मंडळी म्हणते, मला कशाचीही उणीव नाही. प्रभू त्या वेळी दाराबाहेर उभा राहून ठोठावतोय. सुवार्तेच्या सभांत आपण ते वचन (3:20) बाहेरच्या माणसाला ऐकवतो, पण ते लिहिलं गेलं मंडळीला.

तर बैठकीत एवढं सुचवा: पहिल्या तीन महिन्यांत नवा कार्यक्रम एकही नको. फक्त भेटी, समेट, रजिस्टर घेऊन प्रार्थना आणि मार्कचं वाचन. तीन महिन्यांनी कमिटीने पुन्हा बसावं आणि एवढंच पाहावं की कोणाशी बोलणं सुरू झालं, कोणाच्या घरी पहिल्यांदा गेलो, कोण परत यायला लागलं. त्या भेटींत लोकांनी जे सांगितलं असेल, त्यावरून पुढच्या नऊ महिन्यांचं काम ठरवा. उपवास-प्रार्थनेचा दिवस ठेवायचाच असेल तर तो पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे ज्याला कोणाकडे जायचंय त्याला त्या संध्याकाळी जाता येईल.