चार रात्रींची दुबई : काय पाहावे आणि काय सोडावे

प्रश्न : डिसेंबरच्या उत्तरार्धात आम्ही चार रात्रींसाठी दुबईला जाणार आहोत. मी, माझे यजमान, १२ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघे जण आहोत आणि सगळ्यांचाच हा पहिला परदेश प्रवास आहे. पर्यटन कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात चौदा ठिकाणे आहेत. त्यांत बुर्ज खलिफा, दुबई फ्रेम, पाम जुमेराचा मनोरा, मिरॅकल गार्डन, ग्लोबल व्हिलेज, वाळवंटातील सफारी आणि अर्ध्या दिवसात अबुधाबी असे सगळे आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत. एवढे सगळे झेपेल का? नसल्यास काय गाळावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चार रात्री म्हणजे हाती पूर्ण असे तीनच दिवस येतात, कारण जाण्याचा आणि परतण्याचा दिवस विमानतळावरच्या सोपस्कारांत संपतो. तीन दिवसांत चौदा ठिकाणे बसवली, तर गाडीतून उतरायचे, रांगेत उभे राहायचे, छायाचित्र काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे, एवढेच हाती लागते, आणि त्याचा सर्वाधिक त्रास आपल्या सासूबाईंना होईल. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की यादीतील निम्मी ठिकाणे आजच काढून टाकावीत. ती निवडताना ठिकाण किती गाजलेले आहे यापेक्षा ते शहराच्या कोणत्या भागात येते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहण्यासारखे असते, याचा विचार करावा.

दुबई हे समुद्रकाठाने लांबच लांब पसरलेले शहर आहे. एका टोकाला खाडी आणि तिच्या दोन काठांवर बर दुबई आणि देरा हे जुने भाग आहेत, मध्यभागी बुर्ज खलिफाचा परिसर आहे, आणि त्यापुढे बुर्ज अल अरब हे हॉटेल, पाम जुमेरा हे कृत्रिम बेट आणि मरीना ही नवी वस्ती लागते. या सर्वांना जोडणाऱ्या शेख झायेद मार्गावर संध्याकाळी वाहनांची मोठी कोंडी होते. एका दिवशी एकच भाग पाहायचा, असे ठरवले की निम्मा शीण वाचतो. उतरण्यासाठी आम्ही बर दुबई किंवा करामा हा भाग सुचवू, कारण तेथे शाकाहारी भारतीय भोजनालये पायी जाण्याच्या अंतरावर आहेत आणि मेट्रोच्या लाल व हिरव्या मार्गिका जेथे मिळतात ते बुर्जुमान स्थानकही जवळ पडते. हॉटेलचे पैसे आधी भरलेले असले तरी ‘टुरिझम दिरहम’ नावाचे प्रत्येक खोलीमागचे रोजचे शुल्क बहुधा तेथे पोहोचल्यावर वेगळे द्यावे लागते, हे हिशेबात धरावे. वर्षअखेरीचे दिवस मात्र टाळावेत, कारण ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी बुर्ज खलिफाभोवतीचे रस्ते बंद होतात आणि त्या आठवड्यात खोल्यांचे दर चढलेले असतात.

पहिली सकाळ खाडीसाठी ठेवावी. आपल्या कार्यक्रमात तिचा उल्लेखच नाही, ही आम्हाला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते. नऊच्या सुमारास अल फहिदी या जुन्या वस्तीत जावे. इराणच्या किनाऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी प्रवाळाचे दगड आणि जिप्सम वापरून बांधलेली ही घरे आता जतन केलेली आहेत. त्यांच्या छपरांवरचे चौकोनी वातमनोरे नीट पाहावेत. मनोऱ्याच्या चारही बाजू उघड्या असतात आणि आत आडव्या-तिडव्या भिंती असतात, त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी तो अडून खालच्या खोलीत उतरतो आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. वीज नसलेल्या काळात या शहराने उन्हाळे कसे काढले असतील, ते मुलाला येथे उभे राहून सहज समजावता येईल. गल्ल्या सपाट आणि सावलीच्या असल्याने सासूबाईंनाही येथे त्रास होणार नाही.

तेथून कापडबाजारातून चालत धक्क्यावर यावे आणि अब्रा नावाच्या लाकडी होडीने एका दिरहमात देरा गाठावा. होडीत मधोमध पाठीला पाठ लावून बसण्याचे बाक असतात आणि पाण्याची पातळी बाकापासून हातभरच खाली असते. चढताना होडी किंचित हलते, तेव्हा सासूबाईंना मध्ये घेऊन एकाने पुढून आणि एकाने मागून हात द्यावा. पलीकडे धक्क्याला लागलेल्या लाकडी गलबतांवर टायर, पोती, शीतकपाटे असा माल चढत असतो. दुबईची संपत्ती तेलातून आली असे आपण सरसकट म्हणतो, परंतु तेल सापडले १९६६ मध्ये, तर मोत्यांचा आणि मालाची ने-आण करण्याचा व्यापार या खाडीत त्याच्या फार आधीपासून चालत होता. मुंबई बंदराशी त्याचा संबंध इतका घट्ट होता की येथे भारतीय रुपयाच चालत असे, आणि १९५९ मध्ये तर भारतीय रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशासाठी वेगळा रुपया छापला, जो दुबईत १९६६ पर्यंत चलनात होता. मसाल्यांच्या बाजारात केशर, लोबान आणि वाळवलेली काळी लिंबे पाहून बारापर्यंत हॉटेलवर परतावे.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सफारीची गाडी न्यायला येते. वाळूत शिरण्यापूर्वी चालक चाकांतील हवा बरीच कमी करतो, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. त्यानंतर गाडी टेकड्यांवरून ज्या पद्धतीने वर-खाली आणि तिरकी जाते, ती मुलाला अतिशय आवडेल, परंतु पाठीचे, मानेचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी त्यात बसू नये. सफारीत रात्रीचे जेवण तंबूंमध्ये असते, सासूबाईंना वाळूतील धक्क्यांशिवाय थेट त्या तंबूंच्या जागी नेण्याची सोय आहे का, हे कंपनीला आधी विचारावे. नसल्यास आपल्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर हॉटेलवर थांबावे, हे उत्तम. दुपारचे जेवण हलके ठेवावे, शाकाहारी जेवणाची सूचना आरक्षण करतानाच द्यावी आणि अंगावर घ्यायला शाल न्यावी, कारण डिसेंबरात वाळवंटातली रात्र चांगलीच गार असते.

अबुधाबी अर्ध्या दिवसात मुळीच करू नये. एका बाजूचे अंतर १३० किलोमीटरहून अधिक आहे आणि नुसता जाण्यालाच दीड तास लागतो. एक तर पूर्ण दिवस द्यावा, नाही तर ते ठिकाण गाळावे. सासूबाई बरोबर आहेत म्हणून आम्ही पूर्ण दिवस द्यावा असे सुचवतो. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेले, बीएपीएस या स्वामीनारायण संप्रदायाच्या संस्थेचे हिंदू मंदिर राजस्थानच्या गुलाबी वालुकाश्मात घडवलेले आहे आणि त्यावरील कोरीव काम जवळून पाहण्यासारखे आहे. शेख झायेद मशीद ८२ घुमटांची असून प्रवेश विनामूल्य आहे, परंतु नावनोंदणी संकेतस्थळावर आधी करावी लागते. स्त्रियांनी डोके, हात आणि पाय पूर्ण झाकलेले असावेत, पुरुषांनी आखूड विजार घालू नये. प्रवेशद्वारापासून आतपर्यंत बरेच चालावे लागते, म्हणून ज्येष्ठांसाठीच्या विजेवरच्या गाडीची चौकशी दारातच करावी. मंदिर सोमवारी बंद असते आणि मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत, तेव्हा हे दोन वार टाळून दिवस ठरवावा.

तिसऱ्या दिवसाचा मुख्य प्रश्न उंचीचा आहे. आपल्या यादीत बुर्ज खलिफा, दुबई फ्रेम आणि पामवरचा मनोरा अशी तीन उंच ठिकाणे आहेत आणि तिन्हीकडे तिकीट काढून खाली पाहणे हेच काम आहे. पहिल्या भेटीत ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा पाहावी आणि उरलेली दोन्ही निःशंक गाळावीत. त्यातही १२४ व १२५ या मजल्यांचे तिकीट पुरेसे आहे, १४८व्या मजल्यासाठी कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात. सूर्यास्ताच्या सुमाराचे तिकीट सर्वांत महाग असते आणि लवकर संपते. पैसे वाचवायचे असतील तर सकाळची वेळ घेऊन दुपारी विश्रांती घ्यावी आणि बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी असलेल्या कारंज्यांसाठी संध्याकाळी परत यावे. मेट्रो स्थानकापासून बुर्ज खलिफाला लागून असलेल्या दुबई मॉलपर्यंतचा बंदिस्त पादचारी मार्ग फार लांब आहे, सरकते पट्टे असले तरी गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो जड जातो. सासूबाईंना टॅक्सीने थेट मॉलच्या दारापर्यंत न्यावे आणि आत चाकांची खुर्ची मागून घ्यावी, त्यात संकोच करू नये. मॉलमधील मत्स्यालयाची प्रचंड काच बाहेरच्या मार्गिकेतूनच दिसते, त्यामुळे त्याचे वेगळे तिकीट काढले नाही तरी मुलाचे समाधान होईल. बुर्ज अल अरब आणि पाम जुमेरा येता-जाता गाडीतून पाहिले तरी चालेल. मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज दोन्ही मुख्य शहरापासून बाजूला आहेत आणि तीन दिवसांच्या सहलीत त्यांना जागा नाही.

आता मेट्रोबद्दल दोन सूचना. भाड्यासाठीचे नोल कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा यंत्राला लावावे. डब्यात आणि स्थानकात खाण्यापिण्यास मनाई असून १०० दिरहम दंड होतो, तेव्हा मुलाच्या हातात चिक्की देण्याचा मोह आवरावा. स्त्रिया आणि मुलांसाठीच्या राखीव भागाची खूण जमिनीवरच्या गुलाबी पट्ट्याने केलेली असते. आपल्या यजमानांनी ती ओलांडू नये, कारण त्यालाही दंड आहे.

प्रश्न : माझी बहीण दुबईत राहते. दिवाळीनंतर तिच्याकडे जाताना फराळ, मसाले आणि आईसाठी नेहमीची औषधे न्यायची आहेत. काही अडचण येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अडचण खसखशीची येऊ शकते, आणि ती फार गंभीर आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे, कारण ती अफूच्या बोंडातून निघते आणि तेथील कायदा त्याबाबतीत कोणतीही सवलत देत नाही. आपल्याकडे अनारशाची एक बाजू खसखशीवरच थापलेली असते, डिंकाच्या लाडवांत ती भाजून घालतात, गुळाच्या पोळीच्या सारणात असते आणि अनेक घरांच्या गोड्या किंवा मालवणी मसाल्यातही असते. म्हणून अनारसे आणि डिंकाचे लाडू घरीच ठेवावेत, आणि घरगुती मसाला नेण्यापूर्वी तो ज्यांनी कुटला त्यांना विचारून खात्री करून घ्यावी. विड्याची पाने आणि गुटखा यांनाही बंदी आहे. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे यांसारखा फराळ नेता येईल. तो नीट बंद करून, आत काय आहे ते इंग्रजीत लिहून सामानात ठेवावा.

औषधांच्या बाबतीत कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके तेथे नियंत्रित आहेत, त्यांच्यासाठी तेथील सरकारची परवानगी प्रवासापूर्वीच घ्यावी लागते. रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्या मूळ वेष्टणात, प्रवासाच्या दिवसांना पुरतील एवढ्याच न्याव्यात आणि डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. गोळ्या वेष्टणातून काढून डबीत भरण्याची आपली सवय येथे टाळावी.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी दुबईहून सोने आणणे परवडते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ चार दिवसांच्या सहलीवरून आणायचे असेल, तर आमच्या मते नाही. देरातील सोनेबाजारात सोन्याचा दर रोज जाहीर होतो आणि तो दुकानागणिक बदलत नाही. घासाघीस होते ती घडणावळीवर. खरेदीवर ५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. पारपत्र दाखवून दुकानातून परताव्याची नोंद करून घेतली, तर विमानतळावर त्यातील मोठा भाग परत मिळतो, मात्र दागिने तपासणीसाठी हाताशी हवेत. परंतु खरा खर्च मुंबईला उतरल्यावर असतो. स्त्रियांसाठी ४० आणि पुरुषांसाठी २० ग्रॅम दागिन्यांची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांनाच मिळते, पर्यटकाला ती नाही. म्हणजे आणलेले सोने जाहीर करून त्यावर भरीव सीमाशुल्क भरावे लागते, आणि लपवून आणल्यास ते जप्त होते. घरचे जड दागिने घालून जाणार असाल, तर निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्यांचे प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते दुबईतच घेतले असा प्रश्न उभा राहत नाही.

प्रश्न : मे महिन्यात हॉटेलांचे दर बरेच कमी दिसतात. मुलांना सुट्टीही असते. जावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नागपूरचा उन्हाळा सोसलेल्यांना ४० अंशांचे भय वाटणार नाही, हे खरे, परंतु दुबईत त्या उन्हाला समुद्रकाठचा दमटपणा जोडलेला असतो आणि रात्रीही उकाडा कमी होत नाही. खाडीवरची सकाळ नऊपर्यंतच आटोपावी लागते आणि उरलेला दिवस मॉलमध्ये जातो. मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज उन्हाळ्यात बंद असतात, त्यामुळे मुलांना ज्याची ओढ आहे नेमके तेच हुकण्याची शक्यता अधिक. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस नोव्हेंबरात येत असतील, तर थोडे अधिक पैसे मोजून तेव्हा जावे. सर्वांच्या पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हे आरक्षणापूर्वी पाहून घ्यावे, कारण मुलांच्या पारपत्राची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते आणि ती संपत आल्याचे सहसा लक्षात राहत नाही.