खांदे पुढे आलेत, पाठ सरळ राहतच नाही, काय करू?

प्रश्न: माझं वय २९, मिहानमधे एका कंपनीत काम करतो, रोज ९ तास लॅपटॉप. आई सारखी म्हणते "काहून असा वाकून बसून राहिला बाप्पा", मग मी ताठ बसतो पण पाच मिनिटात परत तेच. दीड वर्ष झालं जिमला जातो, चेस्ट आणि बायसेप्स मनापासून मारतो, तरी खांदे पुढेच दिसतात आणि मानही दुखून राहिली. पाठीचा बेल्ट घेऊ का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: भाऊ, बेल्ट राहू द्या. बेल्ट खांदे मागे ओढतो खरा, पण ते काम तुमच्या पाठीच्या स्नायूंनी करायला पाहिजे ना, बेल्ट काढला की परत जिथल्या तिथे. आणि नुसतं ताठ बसायचं ठरवून कोणाचंच पोश्चर टिकत नाही, त्यामुळे त्यात तुमची चूक धरू नका.

तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट म्हणजे ते चेस्ट आणि बायसेप्स. दिवसभर हात पुढे असतात, त्यात छातीचे स्नायू आखडतात, आणि संध्याकाळी जिममधे तुम्ही परत त्यांनाच ताकद देता, पाठ मात्र तशीच राहते. छाती आणि मानेचा वरचा भाग टाइट, मानेचे आतले आणि दोन खांद्यांमधले स्नायू ढिले, या जोडीला व्लादिमीर यांदा या चेक डॉक्टरांनी अप्पर क्रॉस्ड सिंड्रोम असं नाव दिलंय.

आजच एक करून बघा. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा जराशा पुढे, आणि हनुवटी वर न करता डोकं टेकतं का पाहा. नसेल टेकत तर हनुवटी हळूच मागे घ्या, नजर समोर, मानेच्या मागे हलका ताण जाणवतो तिथे ५ सेकंद थांबा, असं १० वेळा. मग दाराच्या चौकटीत कोपर खांद्याइतक्या उंचीवर टेकवून एक पाय पुढे टाका, छाती उघडेल, ३० सेकंद धरा, पण खांद्यात टोचलं तर कोपर थोडं खाली घ्या. जिममधे दोन-तीन महिने ढकलायच्या एका सेटमागे ओढायचे दोन सेट ठेवा, म्हणजे बेंच प्रेसचा एक तर रोइंगचे दोन, आणि रोइंगमधे आधी खांद्याची पाती मागे गेली पाहिजेत, नाहीतर सगळं बायसेप्सच करतो आणि तुमचा तर तो आधीच तयार आहे! मे महिन्यात बाहेर पडवत नसेल तर रबरी बँड खिडकीच्या गजाला बांधून कूलरसमोर करा, तेवढंही पुरतं.

दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा, कारण कितीही चांगलं बसलात तरी एकाच पोझिशनमधे तासन् तास राहिलं की त्रास होतोच. फरक दिसायला सहा-आठ आठवडे धरा.

फक्त हाताला मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल किंवा पकड सैल झाली असेल तर यातलं काहीच सुरू करू नका, मान चोळून घेत बसू नका, आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवा.