मार्स बार तळण्याआधी

अगं, भजी तळता येतात म्हणून मार्स बार (कॅरॅमल भरलेला चॉकलेट बार) थेट तेलात सोडू नकोस. मी सोडला होता. दोन मिनिटांत पिठाचं कवच रिकामं आणि चॉकलेट कढईच्या बुडाशी जळून काळं!

बार रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. काढल्यावर नीट पूस, कोरड्या मैद्यात घोळव, मगच पिठात बुडव. पीठ भज्यांपेक्षा किंचित दाट, बर्फगार सोडा वॉटरमध्ये ऐनवेळी कालवलेलं. तेल १८० अंशांवर, कढई एक तृतीयांशच भरलेली, एका वेळी एकच बार. मिनिट-दीड मिनिटात सोनेरी झाला की काढ. आणखी थांबलीस की फुटलाच.

चिप्सचं, म्हणजे तिकडच्या जाड फ्रेंच फ्राइजचं, निराळं. मॅरिस पायपर जातीच्या बटाट्याचे बोटाएवढे काप धुऊन कोरडे कर. आधी १३० अंशांवर मऊ होईपर्यंत, रंग येऊ न देता. गार झाले की १९० वर कुरकुरीत. पहिली फेरी गाळलीस तर बाहेरून लाल, आत कच्चे.

हा तळलेला बार मूळचा स्कॉटलंडमधल्या स्टोनहेवन गावचा, १९९०च्या दशकातला. तिकडे गेलीसच तर एडिनबरात चिप्सवर पातळ, आंबटगोड ब्राउन सॉस घे, ग्लासगोत व्हिनेगर. इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये मात्र तळण कशात आहे ते आधी विचार, बऱ्याच दुकानांत गाईची चरबी असते. शाकाहारी मैत्रिणीला चिप्स खाऊ घातल्यावर हे सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. तिथे तळणातला पिठाचा चुरा ‘स्क्रॅप्स’ म्हणून अनेकदा फुकट मिळतो, तोही त्याच चरबीतला.